कर्जाबाहेरचे चार वाफे

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या नावापुढे 'परसबाग आणि आरोग्य' असे छापले आहे. ते वाचून मागच्या रांगेत दोघे-तिघे हसले, ते आम्ही पाहिले. त्यांचे काही चुकले नाही. जिल्ह्याची बैठक, कापसाच्या खरेदीचा प्रश्न समोर, विम्याचे अर्ज अडकलेले, आणि हा माणूस उठून दोडक्याच्या वेलाची गोष्ट सांगणार! आम्ही कृषी महाविद्यालयात होतो तेव्हा आम्हीही असेच हसलो असतो. आम्हाला शिकवले ते हेक्टरी क्विंटल. परसबाग हा गृहविज्ञानाच्या मुलींचा विषय, अशी आमची समजूत होती. भाव मागायचे सोडून वांगी लावायला सांगता काय, हा प्रश्न कोणी विचारण्याआधी आम्हीच विचारून घेतो. त्याचे उत्तर शेवटाकडे देऊ. आधी जवळच्याच एका गावाला जाऊन येऊ.

वरोऱ्याजवळचे आनंदवन तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आज तिथे झाडी आहे, तळी आहेत, शाळा-कॉलेज आहे. १९५१ साली बाबा आमटे आणि साधनाताई तिथे राहायला गेले तेव्हा बरोबर ६ कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये होते. जमीन ५० एकर मिळाली होती, पण कशी? खडक, झुडपे, विंचू आणि साप. ज्या जमिनीकडे तुम्ही-आम्ही बैल वळवणार नाही, तशी. बोटे झडलेल्या हातांनी त्या माणसांनी विहीर खोदली, दगड वेचले, धान्य काढले, भाजी काढली. पोटापुरते झाल्यावर भाजी उरली. ती वरोऱ्याच्या बाजारात नेली, तर घेईना कोणी. महारोग्याच्या हातची वांगी कोण खाणार? पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशीचे स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी बांधकाम केले. हे परदेशी लोक तिथलेच खातात, तिथलेच पाणी पितात आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने पाहिले. भीती ओसरली. मग भाजीला गिऱ्हाईक आले.

कुष्ठरोगावर तेव्हा औषध निघाले होते. औषधाने जंतू मरत होता. पण बरा झालेला माणूस घरी गेला तर घर दार लावून घेत होते. आपण पिकवलेली भाजी दुसऱ्याच्या घरी शिजली, तेव्हा ती माणसे पुन्हा माणसांत आली. आमच्या विदर्भात हे एकट्या आनंदवनात झालेले नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम काढले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन झाले. या जागांमध्ये औषधाच्या जोडीला काम आले, आणि कामात मातीचे काम मोठे होते. बधिर हाताला काटा टोचलेला कळत नाही, फोड आलेला कळत नाही, म्हणून विळ्या-खुरप्याच्या मुठीला कापड गुंडाळायचे, संध्याकाळी एकमेकांचे तळहात पाहायचे. हे सगळे सांभाळूनही काम सोडायचे नाही.

तिकडे सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला औंध संस्थानाच्या राजांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीने कैद्यांची मोकळी वसाहत वसवली. भिंत नाही, गज नाही, शेती करून राहायचे. त्यावरूनच १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा निघाला. त्या सिनेमातले कैदीही भाजी पिकवून बाजारात नेतात, आणि स्वस्त विकली म्हणून व्यापाऱ्यांच्या गुंडांचा मार खातात. बाजाराचे दुखणे जुनेच आहे म्हणायचे.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातून जायबंदी होऊन आलेल्या सैनिकांच्या इस्पितळांत बागकाम उपचार म्हणून वाढले. पुढे विद्यापीठांत त्याचे शिक्षण सुरू झाले. १९८४ साली रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने एक साधी गोष्ट तपासली. पेनसिल्व्हेनियातल्या एका इस्पितळात पित्ताशयाचे ऑपरेशन झालेले रोगी होते. काहींच्या खिडकीतून झाडे दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. त्याने दोन्ही बाजूंचे २३-२३ रोगी जोडीजोडीने निवडून १९७२ ते १९८१ चे कागद पाहिले. झाडे दिसणारे रोगी सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली. नुसत्या दिसण्याने एवढे. ४६ रोग्यांवरून जगाचा निकाल लागत नाही, हे आम्हीही जाणतो. पण पुढच्या पुष्कळ अभ्यासांची सुरुवात तिथून झाली.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर जन्मभर झाडांतच उभे आहोत. सकाळी उठल्यापासून हिरवेच पाहतो. झाडे पाहून माणूस सुखी होत असता तर यवतमाळ आणि अमरावती हे देशातले सर्वांत सुखी जिल्हे व्हायला हवे होते. हा प्रश्न आम्हाला एका गावात रात्रीच्या बैठकीत एका म्हाताऱ्याने विचारला आणि आम्ही निरुत्तर होऊन परत आलो. मोटारसायकलवर येताना सगळा रस्ता तोच प्रश्न डोक्यात होता.

त्यावर विचार करून आम्हाला जे सुचले ते सांगतो. पऱ्हाटीकडे आपण पाहतो तेव्हा आपल्याला झाड दिसत नाही. बियाण्याच्या पाकिटाची उधारी दिसते. खताची पावती दिसते. बोंड पोखरून आत बसलेली गुलाबी अळी दिसते, सोसायटीचा सचिव दिसतो, मुलीच्या कॉलेजची फी दिसते. पाऊस लांबला की झाडाची पाने माना टाकतात आणि आपल्या पोटात गोळा येतो. त्या झाडाचा भाव आपण ठरवत नाही, वेळ आपण ठरवत नाही, आणि ते बुडाले तर वर्ष बुडते. आनंदवनातल्या माणसाची माती आणि आपली माती यांत फरक हा आहे. त्याच्या मातीवर सावकाराची सावली नव्हती.

घरामागच्या चार वाफ्यांवरही ती नसते. तिथे मूठभर बी लागते, ते घरचे असते. मेथी उगवली नाही तर पुन्हा फेकता येते. काय लावायचे ते कृषी केंद्राचा दुकानदार सांगत नाही, भाव विचारायला कोणाकडे जावे लागत नाही. वेल मांडवावर चढला की नाही हे रोज दिसते. ज्याला झोप लागत नाही, ज्याला सकाळी उठून शेताकडे जावेसेच वाटत नाही, अशा माणसाला एवढेच छोटे काम झेपते. हे काम उरकायला पाव तास लागतो आणि त्याचे फळ पंधरवड्यात ताटात येते. म्हणून आम्ही परसबागेला 'कर्जाबाहेरचे चार वाफे' म्हणतो. तिचा पहिला उपयोग आमच्या मते हा आहे. जीवनसत्त्वे त्यानंतर.

पण त्यांचेही बोलले पाहिजे, कारण तिथेही आपले हाल आहेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० पोरांमागे जवळपास ६९. त्याआधीच्या पाहणीपेक्षा हे आकडे वाढले आहेत. निंदताना उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते ती याची. आणि हे कोणाच्या घरात? जे लोक अन्न पिकवतात म्हणून भाषणे होतात, त्यांच्या.

आपल्या आया-आज्यांना परसबाग वेगळी लावावी लागत नव्हती, कारण शेतच बाग होते. कापसात तुरीचे तास असायचे, ज्वारीत मूग-उडीद-चवळी असायची, धुऱ्याला अंबाडी, कडेला चार भेंड्या, दोन गवारीची झाडे, बांधावर तीळ. निंदायला गेलेली बाई संध्याकाळी येताना पदरात चिवळ, घोळ, तांदुळजा घेऊन यायची. आषाढात कोवळा तरोटा यायचा. त्याला कोणी आहारशास्त्र म्हणत नव्हते. मग काय झाले? २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, काही वर्षांत जवळजवळ सगळे रान त्याच एका पिकाखाली गेले. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, ज्वारी गेली तशी तिच्यातली चवळीही गेली. मजुरी परवडेना म्हणून तणनाशक आले. तणनाशकाला चिवळ आणि केना यांत काय फरक कळणार? त्याला दोन्ही तणच. शेतातली भाजी मेली आणि आपण ती आठवडी बाजारातून विकत आणू लागलो. पैसा नसला की आणत नाही. मग भाकरी आणि तिखटाचा गोळा.

बीटी आणू नये होते, असे आम्ही म्हणत नाही. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, हे आमचे मत तुम्हाला ठाऊक आहे. पण एक गोष्ट शेतातून गेली तर ती दुसरीकडे कुठे उभी करायची, याचा हिशेब आपण केला नाही, आणि आमच्यासारख्या शिकलेल्यांनीही करून दिला नाही. चळवळीत १९९० नंतर 'सीताशेती' हा शब्द आला होता, घरच्या बाईच्या हातात घरापुरती विषमुक्त शेती, असा. आपण लक्ष्मीमुक्तीचे फलक रंगवले, काही ठिकाणी सातबाऱ्यावर बायांची नावेही चढली. सीताशेती मात्र भाषणापुरतीच राहिली.

विषाचे एक. आपल्याकडे कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. शब्दच घात करतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो इस्पितळात गेले. तेव्हा डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत माणूस शिरून फवारत होता, अंगावर साधा सदरा. त्याच शेताच्या धुऱ्यावरची भेंडी घरी आणून खाल्ली तर आपण काय खातो? मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला आपल्या देशात फार वर्षांपासून बंदी होती. कापसावर मारताना वाऱ्याने ते भाजीवर गेले तर ती बंदी कोणाच्या कामाची? म्हणून भाजी कापसाच्या कडेला नको. घराजवळ हवी. आणि रिकामे डबे धुऊन त्यात पाणी भरणे, त्याला भोके पाडून झारी करणे, त्यात मिरचीचे रोप लावणे हे ताबडतोब बंद करा. कितीही धुतले तरी तो डबा विषाचाच.

आता कामाचे बोलू. आम्ही नोकरीत होतो तेव्हा एका वर्षी आम्हीच गावोगाव परसबागेची पाकिटे वाटली. एका पाकिटात ८ प्रकारचे बी, त्यात कोबी-गाजरसुद्धा. वरच्यांना आकडा हवा होता, आम्ही आकडा दिला. गादीवाफ्यांचे फोटो निघाले. फेब्रुवारीत आम्ही सहज त्यातल्या एका गावात गेलो, तर वाफ्यांत शेळ्या बसल्या होत्या. एका मावशीने विचारले, 'साहेब, बी दिलं, पाणी कुठाय?' त्या मावशीने आम्हाला जे शिकवले ते पदवीच्या चार वर्षांत कोणी शिकवले नाही. बागेची आखणी बियाण्यापासून करायची नसते, पाण्यापासून करायची.

तर हिशेब असा. हिवाळ्यात भाजीच्या एक चौरस मीटर वाफ्याला रोज साधारण ५ लिटर पाणी लागते. एक चौरस मीटर म्हणजे सव्वातीन फूट लांब, सव्वातीन फूट रुंद. पाच माणसांच्या घरात भांडी घासण्याचे, भाजी-तांदूळ धुण्याचे आणि आंघोळीचे मिळून १५ लिटरच्या ४ बादल्या पाणी हाती लागले, असे धरू. ६० लिटर. म्हणजे १२ चौरस मीटरची बाग. दोन माणसांच्या खाटा मावतील अशा तीन-चार जागा, बस. त्याहून एक वीतही जास्त लावू नका. मे महिन्यात आपल्याकडचे ऊन पाण्याची गरज जवळपास दुप्पट करते, तेव्हा निम्मी बाग सोडून द्यायची, हे आधीच ठरवून ठेवा. सोडून दिलेली बाग ही हार नव्हे. उन्हाळ्यात टिकायला शेवगा, कढीपत्ता, लिंबू ही झाडे ठेवा. ती एकदा रुजली की थोड्या पाण्यावर तग धरतात. पपईला पाणी जास्त लागते, तिला न्हाणीच्या तोंडाशी जागा द्या. तिथेच अळू लावा.

कपडे धुण्याच्या सोड्याचे पाणी बागेला नको. आपली काळी जमीन मुळातच खाऱ्या-चुनखडी अंगाची, त्यात आणखी सोडा ओतला की ती दगड होते. आंघोळीचे पाणी विटांचे तुकडे आणि रेती भरलेल्या खड्ड्यातून काढून घ्या. असले पाणी पालेभाजीच्या पानांवर कधी टाकू नका, बुडाशी टाका. पावसाळ्यात उलटे दुखणे, काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच.

कुंपणाला तुराट्या घ्या, बोराटीच्या काट्या घ्या. पऱ्हाट्या घेऊ नका. पऱ्हाटीला राहिलेल्या बोंडांत गुलाबी अळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कापसावर येते. घराचे कुंपण करायला गेलो आणि शेत खाऊन बसलो, असे व्हायला नको.

काय लावायचे ते आम्ही सांगणार नाही, तुमच्या घरात जे खातात ते लावा. एवढे मात्र सांगतो, शेवग्याचा पाला खा. शेंगा विकायला ठीक आहेत, पण लोह पाल्यात आहे आणि पाला शेंगांसारखा हंगामाची वाट पाहत नाही. पाल्यातले लोह अंगी लागायला त्यावर लिंबू पिळा, आणि जेवल्या-जेवल्या चहा पिऊ नका, चहाने ते लोह वाया जाते. आमच्या घरी या चहावरून भांडण झाले होते. अजून मिटलेले नाही.

एका शेजाऱ्याची गोष्ट सांगतो, नाव-गाव सांगत नाही. लागोपाठ दोन वर्षे नापिकी झाली. विहिरीत केलेला खर्च बुडाला. हा माणूस दिवाळीनंतर ओट्यावर बसला तो बसलाच. बोलणे बंद, जेवण अर्धे, शेतावर भाऊ जायचा. बायकोने त्याला समजावले नाही, कारण समजावणारे रोजच येत होते. तिने सांगितले, माझी आंघोळ झाली की ती बादली वालाच्या वेलाला घाला, माझ्याने उचलत नाही. पहिले काही दिवस त्याने तेही केले नाही. मग करू लागला. मग मांडवाची एक काडी मोडली, ती बांधली. जानेवारीत वालाच्या शेंगा एवढ्या झाल्या की घरात संपेनात, तेव्हा त्याने त्या टोपलीत भरल्या आणि गल्लीत चार घरी देऊन आला. दोन महिन्यांत तो पहिल्यांदा कोणाच्या दारात गेला होता. एप्रिलमध्ये पाणी आटले आणि वेल वाळला. तो पुन्हा गप्प झाला. तेव्हा भावाने त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेले, गोळ्या सुरू झाल्या, त्या त्याने सात-आठ महिने घेतल्या. जूनमध्ये त्याने पुन्हा वाल लावला.

आता हा माणूस वालाने बरा झाला की गोळ्यांनी? आम्हाला विचाराल तर गोळ्यांनी जास्त. पण दवाखान्यात जायला तयार झालेला माणूस हा दिवाळीतल्यापेक्षा वेगळा होता, आणि तो वेगळेपणा कुठून आला हे त्याच्या बायकोला विचारा. मनाच्या दुखण्याची लाज धरू नका. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी बोलायला सुरुवात केली. उदासीच्या आजाराने पिडलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात ४ होते, ते २७ झाले. २०१७ साली हे छापून आले आहे. म्हणजे बोलणारे भेटले की माणूस बोलतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा २०२२ पासून आहे, १४४१६ हा आकडा फिरवा, फुकट आहे, मराठीत बोलता येते. आणि ज्या घरात कोणी असे गप्प बसले आहे त्या घरात फवारणीचे विष ठेवू नका. कुलूप लावून दुसऱ्याच्या गोठ्यात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. याला कोणाची परवानगी लागत नाही.

आता मायबहिणींचे. आम्ही हे बोलू लागलो की पुरुष मंडळी माना डोलावतात आणि घरी जाऊन बायकोला म्हणतात, 'उद्यापासून परसबाग कर.' ती पहाटे उठून स्वयंपाक करते, दिवसभर निंदते नाहीतर वेचते, रात्री पुन्हा चूल. तिच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवले तर ती बाग तिचे आरोग्य वाढवणार की खाणार? म्हणून आमची अट आहे. पाणी पुरुषाने घालायचे, कुंपण पुरुषाने करायचे. काय लावायचे आणि उरलेली भाजी कोणाला द्यायची की विकायची, हे तिने ठरवायचे, विकली तर पैसा तिचा. ज्या गावात हे उलटे झाले तिथली एकही बाग दुसरे वर्ष पाहू शकली नाही, हा आमचा अनुभव आहे.

भूमिहीन मजुराच्या घरामागे जागा नसते. त्याला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आहेत. माती आणि शेणखत भरून एका गोणीत एक वेल, छपरावर चढवा. गोणीला पाणी जास्त लागते, म्हणून दोन-तीनच. शाळेच्या आवारात, गावठाणात जागा असेल तर ती आधी त्यांना द्या.

आणि आता सुरुवातीचा प्रश्न, भाव मागायचे सोडून वांगी का? हिशेबच करू. समजा तुम्ही दर आठवड्याला बाजारातून २०० रुपयांची भाजी आणता. वर्षाचे १०,४०० झाले. बागेने त्यातले निम्मे वाचवले तर ५,२०० रुपये. तुमच्या घरी २० क्विंटल कापूस झाला आणि क्विंटलमागे हजार रुपये कमी मिळाले, तर बुडाले २०,०००. बागेने ते भरून निघत नाहीत. कधीच निघणार नाहीत. जो कोणी तुम्हाला सांगेल की परसबाग लावा आणि भाव विसरा, तो पुढारी असो की अधिकारी, त्याला वाडीच्या बाहेर काढा. भावाची लढाई भावाच्याच मैदानात लढायची आहे.

पण त्या लढाईला माणसे लागतात. रक्त नसलेली बाई मोर्चात दोन किलोमीटर चालू शकत नाही, हे आम्ही मागच्या मोर्चात पाहिले. चक्कर येऊन बसलेल्या तिघींना बंडीत घालून आणावे लागले. ओट्यावर बसलेला माणूस बैठकीला येत नाही. तो यावा, म्हणून आम्ही वालाच्या वेलाचे बोलतो आहोत.

पुढची बैठक रोहिणी लागायच्या आत आहे. येताना प्रत्येकाने घरचे एक बी आणावे, मूठभर पुरे: वाल, चवळी, अंबाडी, लाल भोपळा, दोडका, जे असेल ते. विकतच्या संकरित पाकिटातले नको. कागदाच्या पुडीवर भाजीचे नाव, आपल्या गावाचे नाव आणि किती वर्षे घरात आहे ते लिहा. शेवग्याच्या फांद्या आणणाऱ्यांनी अंगठ्यापेक्षा जाड, तीन-चार फुटांच्या आणाव्यात, ओल्या गोणपाटात गुंडाळून. सभागृहाबाहेरच्या कडुनिंबाखाली टेबल मांडलेले असेल. एक पुडी ठेवायची, दोन न्यायच्या. पुड्या कमी पडल्या तर आमच्या घरच्या अंबाडीचे बी भरपूर आहे.